सोवळें नेसून आलेली बिअर

दारू सोडणाऱ्याची थट्टा करण्याचे दिवस हळूहळू सरत चालले आहेत, ही गोष्ट आम्हांस फार आनंदाची वाटते. पुण्याच्या मार्केट यार्डांत भुसार गाळ्यांपुढें पोतीं वाहणारा हमाल घ्या, रात्रीं दिवे घाट उतरून मेथी-कोथिंबिरीचा टेंपो आणणारा शेतकरी घ्या, कीं काट्यापाशीं उभा राहणारा तोलणार घ्या. त्यांतला एखादा "मी आतां घेत नाहीं" असें चारचौघांत म्हणतो आणि बाकीचे त्याला हंसत नाहींत, हें पूर्वीं क्वचितच दिसे. परंतु पीक चांगलें उभें राहिलें कीं बांधावर टपलेलें जनावर आलेंच. दारू सोडूं पाहणाऱ्या या मनुष्याच्या वाटेवर आतां एक नवी चीज येऊन उभी राहिली आहे. तिचें नांव बिनदारूची बिअर. बाजारच्या बोलींत झिरो बिअर.

ही चीज काय आहे तें आधीं नीट समजून घेऊं, कारण न समजतां शिव्या देणें हा आमचा धंदा नव्हे. बिअर होते ती सातूची. सातूला मोड आणून, तो वाळवून, त्याचा काढा करतात. हॉप नांवाच्या वेलीचीं कडू फुलें त्यांत उकळतात आणि मग तें आंबवतात. आंबतांना धान्यांतल्या साखरेची दारू होते. झिरो बिअर करणारे एक तर हें आंबणें मध्येंच थांबवतात, नाहीं तर पुरती बिअर करून मग हवेचा दाब कमी करून मंद आंचेवर तिच्यांतली दारू उडवून देतात, किंवा अति बारीक पडद्यांतून ती वेगळी काढतात. रंग राहतो, फेस राहतो, कडवटपणा राहतो. नशा तेवढी जाते. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणें शेंकडा अर्ध्या भागाहून अधिक अल्कोहोल असेल तरच तें पेय मद्य ठरतें. म्हणजे ही बिअर कायद्याच्या दृष्टीनें सरबताच्या पंगतीला बसली. तिला अबकारी परवाना नको, परमिट नको, वय विचारणें नको. वाण्याच्या फ्रीजमध्यें ती ताकाच्या पिशवीशेजारीं बसते, मोबाईलवर बोट ठेवलें कीं थोड्या वेळांत दारांत येते, आणि गांधी जयंतीच्या कोरड्या दिवशींहि विकतां येते. दारूला जे दरवाजे बंद आहेत ते सारे हिला उघडे आहेत. वर नांव तेंच, चित्र तेंच, डब्याचा घाटहि तोच!

ही युक्ति आजची नाहीं. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. तेथल्या कायद्यानेंहि शेंकडा अर्ध्या भागाचीच रेघ ओढली होती, आणि बिअरच्या कारखानदारांनीं त्या रेघेखालची बिअर काढून आपले कारखाने व आपलें नांव जिवंत ठेवलें. बडवायझर करणारी कंपनी त्यांतलीच एक. तेरा वर्षांनीं बंदी उठली तेव्हां कारखाना तयार होता आणि नांव लोकांच्या तोंडीं होतें. आज बंदी नसतांहि तोच डाव पुन्हां मांडला आहे. हायनेकेन या डच कंपनीनें २०१७ सालीं आपला ०.० छाप जगाच्या बाजारांत आणला. आपल्याकडे २०१८ सालीं किंगफिशरवाल्यांनीं रॅडलर काढलें. पाठोपाठ बडवायझरचा ०.० आला. किंगफिशर करणाऱ्या कंपनीचा ताबा २०२१ सालापासून त्याच हायनेकेनकडे आहे. सांगावयाचें इतकेंच कीं दारू सोडविणारा आणि दारू पाजणारा हे दोन शेजारी नाहींत. एकाच गादीवर बसलेला तो एकच शेटजी आहे. डाव्या हातानें तो स्ट्रॉंग विकतो, उजव्या हातानें झिरो विकतो, आणि दोन्ही हातांचा पैसा एकाच गल्ल्यांत पडतो.

आतां आम्ही न्यायानें बोलतों. झिरो बिअर हें विष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें आहे कीं, दारूचें असें कोणतेंहि प्रमाण नाहीं कीं जें आरोग्यास निर्धोक म्हणतां येईल. तेव्हां दारूच्या जागीं बिनदारूचें पेय आलें तर त्यांत पिणाऱ्याचा फायदाच आहे. झिरो पिऊन घरीं गेलेला मनुष्य नशेंत बायकोच्या अंगावर हात टाकीत नाहीं आणि परतीच्या वाटेवर टेंपो दरींत घालीत नाहीं. ज्याला व्यसन नाहीं, पण मित्रांच्या आग्रहानें वर्षांतून दोनचार वेळां ग्लास हातीं धरावा लागतो, त्यानें त्यांत झिरो ओतली तर आमचें कांहीं म्हणणें नाहीं. आमचें भांडण पेयाशीं थोडें आहे. तें दारू सोडण्याचें औषध म्हणून विकणाऱ्याशीं आणि तसें समजून विकत घेणाऱ्याशीं फार आहे.

कारण खरा प्रश्न वर्षांतून चार वेळां पिणाऱ्याचा नाहींच. जो रोज सायंकाळीं क्वार्टर लावल्यावांचून झोंपूं शकत नाहीं, त्याचा आहे. अशा मनुष्याचें व्यसन एकट्या अल्कोहोलांत नसतें. तें वासांत असतें, फेसांत असतें, बाटलीचें बूच उघडतांना होणाऱ्या आवाजांत असतें, ठरलेल्या वेळेंत आणि ठरलेल्या सोबत्यांत असतें. दारू सोडून सहा महिने झालेला मनुष्य तो वास नाकांत गेल्याबरोबर आंतून हलतो, हें व्यसनमुक्तीचें काम करणारे डॉक्टर सांगतात आणि ज्या बायकोनें हे दिवस काढले आहेत तीहि सांगते. अशा मनुष्याच्या हातांत त्याच रंगाचा, त्याच चवीचा, त्याच नांवाचा डबा द्यावयाचा आणि "घे, यांत दारू नाहीं" म्हणावयाचें, म्हणजे चोरी सोडलेल्यास रोज रात्रीं दुसऱ्याच्या कुलुपाशीं बसवून "फक्त पहा, उघडूं नको" म्हणण्यासारखें आहे. कांहीं जण तेथें बसूनहि उघडणार नाहींत. त्यांचें अभिनंदन! पण शंभरांतले जे उघडतील, त्यांच्या घरचें जेवण कोण घालणार?

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणून मंडळी आहे. १९३५ सालीं अमेरिकेंत दोघां पिणाऱ्यांनींच ती सुरू केली. पुण्यांतहि तिच्या सभा भरतात, फी नाहीं, नांव-गांव-जात विचारणें नाहीं. तिचा सारा भर एकाच गोष्टीवर आहे: पहिला घोट टाळा, आणि फक्त आजचा दिवस टाळा. येरवड्यास १९८६ सालीं अनिता व अनिल अवचट यांनीं मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र उभें केलें, पु. ल. देशपांडे यांनीं त्याला मदतीचा हात दिला. तेथून हजारों माणसें बरीं होऊन संसाराला लागलीं. त्या ठिकाणची रीत काय? औषध आहे, पण औषधाच्या बरोबरीनें गटांत बसून मनांतलें बोलणें आहे, घरच्या माणसांस बोलावून समजावणें आहे, आणि मनुष्य घरीं गेल्यावरहि त्याची विचारपूस आहे. ज्यांनीं हयात या कामांत घातली त्यांनीं माणसाला माणसांच्या हातीं दिलें. कंपनी त्याला डब्याच्या हातीं देते, आणि त्यालाच मुक्ति म्हणते.

येथें एक गोष्ट मध्येंच सांगून ठेवतों, कारण तिच्यावांचून जीव जातात. जो वर्षानुवर्षें रोज भरपूर पीत आला आहे, त्यानें देवाची शपथ घेऊन एका रात्रींत दारू तोडूं नये. अंगाला कांप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो, आणि कधीं कधीं त्यांत मनुष्य दगावतो. त्यानें ससूनला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यांत जाऊन डॉक्टरच्या देखरेखीखालीं सोडावी. सरकारच्या १४४४६ या नंबरावर फुकट सल्ला मिळतो. झिरोचा डबा ही कांप थांबवूं शकत नाहीं.

हमाल पितो कां, हें कोणी विचारतें का? दिवसभर पाठीवर पोतीं, गाडी रिकामी करतांना धांवपळ, मिरचीच्या गाळ्यांत डोळ्यांतून पाणी, आणि रात्रीं अंग असें ठणकतें कीं कूस बदलवत नाहीं. गाडी केव्हां लागेल याचा नेम नाहीं, म्हणून झोंपेचा नेम नाहीं. त्याला चार तास मेल्यासारखें पडावयाचें असतें, त्यासाठीं तो पितो. या दुखण्यावर झिरो बिअरचा काय उपयोग? तिनें अंग सुन्न होत नाहीं. तें काम करावयाचें तर पोत्याचें वजन कमी पाहिजे, वेळेवर विसावा पाहिजे, दवाखाना पाहिजे. बाबा आढाव यांनीं हमाल पंचायत उभारली ती याच दुखण्याची नाडी धरून; १९६९ सालीं माथाडी-हमालांचा कायदा झाला तोहि असल्याच कष्टकऱ्यांच्या झगड्यानें. त्या कायद्यानें हमालाला प्रॉव्हिडंट फंड आला, रजेचा पगार आला. फंड असलेल्या हमालाला उद्यांची आशा असते आणि आशा असलेला मनुष्य कमी पितो, असा आमचा अनुभव आहे.

जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला तेव्हां एक गोष्ट सांगितली: देव आणि मनुष्य यांच्यामध्यें दलाल नको. मार्केट यार्डांत माल विकणाऱ्यास दलाल म्हणजे काय तें शिकवावें लागत नाहीं. आम्ही म्हणतों, दारू सोडणें आणि मनुष्य यांच्यामध्येंहि दलाल नको. पूर्वीं प्रायश्चित्ताला दक्षिणा लागे, पाप धुवावयाचें तर भटजींचा हात ओला करावा लागे. आतां पाप पाजणाऱ्यानेंच पंचगव्याचें दुकान काढलें आहे!

आणि दक्षिणा किती? जून २०२५ मध्यें महाराष्ट्र सरकारनें दारूवरील कर वाढविला, तेव्हां देशी दारूच्या १८० मिलिलिटर बाटलीची कमींत कमी किंमत ८० रुपये ठरली. झिरोचा एक डबाहि साधारण त्याच घरांत, छाप मोठा असेल तर त्याहून वर. म्हणजे घरवालीला वाटावें कीं मालकानें दारू सोडली, आतां पैसा घरांत येईल. आणि पैसा पूर्वींच्याच वाटेनें पूर्वींच्याच मापानें जावा. जुलै २०१६ मध्यें भाजी-फळांची अडत शेतकऱ्याच्या पट्टींतून काढून खरेदीदारावर घातली. केवढा आनंद झाला होता! ती वांचलेली अडत कितीजणांनीं बी-बियाण्याला लावली आणि कितीजणांनीं परतीच्या वाटेवरच्या परमिट रूममध्यें ठेवली, हें ज्याचें त्यानें आठवावें.

सरकारचें बोलणेंच नको. त्याच २०२५ च्या करवाढींतून चौदा हजार कोटि रुपयांची वाढीव आवक होईल असा हिशेब सरकारनें मांडला. चंद्रपुरांत १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी केली आणि २०२१ सालीं उठविली. जानेवारी २०२२ मध्यें किराण्याच्या मोठ्या दुकानांतून वाईन विकूं देण्याचा निर्णय काढला आणि सांगितलें काय, तर यांत द्राक्षवाल्या शेतकऱ्याचें कल्याण आहे. लोक खवळले, तो निर्णय अंमलांत आला नाहीं. उद्यां झिरो बिअरबद्दलहि हेंच सांगतील, म्हणून आत्तांच विचारून ठेवतों: कोणत्या शेतकऱ्याचें कल्याण? सातू पिकतो राजस्थान-उत्तर प्रदेशाकडे, हॉप येतो परदेशांतून. आपल्या ज्वारी-बाजरीवाल्याचा त्यांत पैचा वांटा नाहीं. आपला वांटा पाण्यांत! एप्रिल २०१६ मध्यें लातूरला मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें, आणि त्याच महिन्यांत औरंगाबादच्या बिअर व दारूच्या कारखान्यांचें पाणी कापा असा हुकूम हायकोर्टाला द्यावा लागला. कोर्टांत कोणी गेलें नसतें तर कारखान्याची तोटी चालूच राहिली असती. बिअरमधली दारू काढून टाकली म्हणून तिला लागणारें पाणी कमी होत नाहीं.

पण दुसऱ्यांच्या नांवानें बोटें मोडून आमची सुटका नाहीं. देशी दारूचा स्पिरिट येतो कोठून? उसाच्या मळींतून. मळी येते साखर कारखान्यांतून, आणि त्यांतले कितीएक कारखाने आमच्याच बहुजन समाजाच्या पुढाऱ्यांच्या हातांत आहेत; त्यांच्या आवारांत डिस्टिलरी उभी आहे. ऊस घालणारा सभासद आमचा, चेअरमन आमचा, आणि हमालाच्या पोटांत जाणारी बाटलीहि आमचीच. हे पुढारी जोतीरावांच्या पुतळ्याला हार घालतात. १८८० सालीं पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद असतांना जोतीरावांनीं शहरांतील दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती, हें हार घालणाऱ्यास ठाऊक नसावें. तें १८७८ च्या अबकारी कायद्याचें राज्य होतें. इंग्रज सरकारला दारूचा पैसा गोड लागला होता आणि विरोध करणें म्हणजे साहेबाच्या खिशाला हात लावणें होतें. तरी त्यांनीं तो लावला. आजचा आमचा पुढारी निवडणुकींत पेट्या वांटतो, लग्नाच्या वरातींत पोरांना मोकळीक देतो, आणि कोणी बोललें तर म्हणतो, "आतां झिरोचीहि सोय ठेवली आहे ना!"

पोरांचा विषय निघाला म्हणून सांगतों. महाराष्ट्रांत बिअरला २१ वर्षें आणि कडक दारूला २५ वर्षें वय लागतें. झिरोला कांहींच लागत नाहीं. पंधरा वर्षांच्या मुलानें तीच चव, तेंच नांव, तीच ऐट शिकावी आणि वयांत आल्यावर शेजारच्या कप्प्यांतला डबा उचलावा, एवढीच तयारी आहे. दारूची जाहिरात करण्यास या देशांत मज्जाव आहे, म्हणून हे लोक पूर्वीं त्याच छापाचा सोडा, त्याच छापाचें पाणी, त्याच छापाच्या गाण्यांच्या तबकड्या दाखवीत. अशा आडून केलेल्या जाहिरातींना केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जून २०२२ मध्यें बंदी केली. आतां सोड्याच्या जागीं झिरो आली. ही खरोखरीच विकली जाणारी वस्तु आहे, त्यामुळें तिला हात लावणें अधिक कठीण.

आणि आमच्या बायाबहिणींनीं मिळविलेला हक्क? २००८ च्या आदेशाप्रमाणें गांवांतल्या किंवा वॉर्डांतल्या निम्म्या बायकांनीं आडव्या बाटलीला मत दिलें तर दुकान बंद होतें. त्यासाठीं बायांनीं किती धमक्या सोसल्या, किती वेळां मतदान मोडूं पाहणाऱ्यांशीं झुंजल्या! असें दुकान बंद पाडल्यावर दुसऱ्या दिवशीं शेजारच्या वाण्यानें त्याच छापाचा डबा मांडला तर त्याला कायद्यानें कोणीहि कांहीं म्हणूं शकत नाहीं. बाटली आडवी झाली, पाटी उभीच राहिली.

कोणी म्हणेल, तुम्ही सगळ्यालाच नको म्हणतां. दारू नको, झिरोहि नको, मग मनुष्यानें चार मित्रांत बसून प्यावें काय? प्रश्न बरोबर आहे. यार्डांत लिंबाचा बाजार भरतो, गुळाच्या भेली उतरतात, उन्हाळ्यांत कैऱ्यांचे ढीग पडतात. लिंबू-गुळाचें सरबत, पन्हें, ताक, आंबील, कोकम, उसाचा रस. हीं सारीं आमच्याच मळ्यांतलीं व आमच्याच चुलीवरचीं, आणि त्यांतला पैसा आमच्यांतच फिरतो. नीरेचें मात्र जपून. ताडामाडाची नीरा पहांटे गोड आणि पौष्टिक, पण ऊन चढलें कीं तिची ताडी होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें नीरेला वेगळें लायसन ठेवलें तें म्हणूनच. सोवळी वस्तु दुपारपर्यंत ओवळी कशी होते याचा धडा तोच आहे.

बाजार समितीकडे आमचें मागणें असें आहे. हमालांच्या विसाव्याच्या जागीं आणि शेतकऱ्यांच्या गाड्या लागतात तेथें रात्रीं नऊपासून सकाळपर्यंत थंड पिण्याचें पाणी आणि वर सांगितलेलीं पेयें दहा-पंधरा रुपयांत मिळावींत. ज्या हमालांनीं 'कष्टाची भाकर' चालवून स्वस्त आणि स्वच्छ जेवण शहराला घालून दाखविलें, त्यांना हें काम जड नाहीं. समितीनें फक्त जागा व वीज द्यावी. आठवड्यांतून एक दिवस सायंकाळीं एक खोली दारू सोडलेल्यांच्या सभेस मोकळी ठेवावी. यार्डाच्या आवारांत दारूच्या छापाची कोणतीहि पाटी, मग ती झिरोची असो कीं सोड्याची, लावूं देऊं नये. आणि सरकारकडे मागणें: दारूचें नांव असलेलें कोणतेंहि पेय दारूइतकेंच वय पाहून विकावें, तें विकावयाचेंच तर दुसऱ्या नांवानें विकावें. नांव बदलल्यावर जर खप उरला नाहीं, तर लोक काय पीत होते तें कळेल.

हा विषय समितीच्या सभेंत कोण मांडतो आणि कोण दाबून ठेवतो, तें आम्ही पाहणार आहों. दोघांचींहि नांवें याच जागीं छापूं.